कोणतं पिस्तूल वाढवायचं? 'रेसिडेंट ईव्हिल ४' आणि मोजक्या गोळ्यांचा हिशेब



मागच्या काही भागांत आपण सैन्यातला पुरवठा कसा चालतो, कोठारं कशी सांभाळतात, हे पाहिलं. त्यावर आलेल्या प्रश्नांत तरुण मंडळींचा एक प्रश्न वारंवार आला. 'सर, तुम्ही 'रेसिडेंट ईव्हिल ४' खेळता असं एकदा सांगितलं होतं. त्यात पाच पिस्तुलं मिळतात. पैसे कमी असतात. मग कोणतं अपग्रेड करायचं?' काही ज्येष्ठांनी वेगळंच विचारलं. 'कर्नलसाहेब, निवृत्तीनंतर हे काय नवीन?'

दोघांनाही आज एकत्र उत्तर देतो. माझी सगळी नोकरी ऑर्डनन्स कोअरमध्ये गेली. शस्त्रं, सुटे भाग आणि दारूगोळा सैनिकापर्यंत वेळेवर पोचवणं हे आमचं काम. त्यामुळे हा खेळ मला भुतांचा कमी आणि कोठाराचा जास्त वाटतो. यात जिंकतो तो ज्याचा हिशेब पक्का आहे तो. नेमबाजी त्यानंतर येते.

आधीच एक सूचना. हा खेळ प्रौढांसाठी आहे. युरोपात त्याला १८ वर्षांवरचं प्रमाणपत्र आहे. रक्तपात भरपूर आहे. घरात लहान मुलं असतील तर ती झोपल्यावर खेळा.

खेळ काय आहे

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जपानच्या कॅपकॉम कंपनीचा हा खेळ पहिल्यांदा २००५ च्या जानेवारीत आला. दिग्दर्शक होते शिंजी मिकामी. मार्च २०२३ मध्ये त्याच कंपनीने तो नव्याने बांधून आणला. आज मी मुख्यतः या २०२३ च्या आवृत्तीबद्दल बोलणार आहे. जुन्याबद्दल बोलेन तेव्हा तसं सांगेन.

कथा स्पेनच्या ग्रामीण भागात घडते. लिऑन केनेडी हा अमेरिकी एजंट राष्ट्राध्यक्षांच्या पळवलेल्या मुलीला, अ‍ॅशलीला, सोडवायला जातो. आधी गाव, मग किल्ला, मग बेट असे तीन मोठे टप्पे आहेत. गावकऱ्यांच्या शरीरात एक परजीवी शिरलेला आहे आणि ते कुऱ्हाडी-कोयते घेऊन अंगावर येतात. वाटेत एक फेरीवाला व्यापारी भेटत राहतो. तो शस्त्रं विकतो, विकत घेतो आणि पैसे घेऊन ती सुधारून देतो. पैसे पेसेटामध्ये मोजायचे. स्पेनने २००२ मध्ये पेसेटा सोडून युरो घेतला, पण या गावात तो अजून चालतो.

या प्रकाराला 'सर्व्हायव्हल हॉरर' म्हणतात, म्हणजे तग धरून राहण्याचा भयखेळ. गोळ्या थोड्या, जागा थोडी, पैसा थोडा आणि शत्रू पुष्कळ. भीती मुद्दाम या टंचाईतून तयार केलेली असते. मॅगझिनमध्ये दोनच गोळ्या उरल्या असतील तर साधा गावकरीही राक्षस वाटतो.

खेळातलं पिस्तूल आणि खरं पिस्तूल

सैन्यात पिस्तूल हे शेवटचं शस्त्र. अधिकाऱ्याच्या कमरेला ते असतं, पण लढाई रायफल, मशीनगन आणि तोफखाना लढतो. पिस्तूल काढायची वेळ आली याचा अर्थ बाकी बरंच काही बिघडलेलं आहे. आमच्याकडे वर्षानुवर्षं ९ मिमी '१ए' पिस्तूल होतं. ब्राउनिंगच्या जुन्या रचनेवरचं, ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलेलं. वजनदार, साधं, भरवशाचं.

खेळात क्रम उलटा आहे. तिथे पिस्तूल पहिलं शस्त्र आहे आणि शेवटपर्यंत तेच सर्वांत जास्त वापरलं जातं, कारण त्याच्या गोळ्या सर्वांत जास्त सापडतात. शॉटगन आणि रायफलच्या गोळ्या अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवायच्या असतात. म्हणजे पिस्तूल हा तुमचा रोजचा भात आहे. तो नीट शिजला पाहिजे.

एनडीएची तयारी करणाऱ्या एका मुलाने विचारलं होतं की असे खेळ खेळून शस्त्रांचं ज्ञान वाढतं का. बाळा, नाही वाढत. खऱ्या पिस्तुलाचं वजन, त्याचा झटका, कानात घुमणारा आवाज आणि नळी कोणाकडे वळलेली आहे याची सतत ठेवावी लागणारी जाणीव, यातलं काहीही पडद्यावर येत नाही. आमच्याकडे फायरिंग रेंजवर झाडलेल्या गोळ्यांची रिकामी पुंगळीसुद्धा मोजून परत घेतात. पण अपुऱ्या साधनांत निर्णय कसा घ्यायचा, हा सराव मात्र या खेळात खरा होतो. म्हणूनच मी त्यावर बोलतो आहे.

पहिला नियम: गोळी एक, पिस्तूल एक

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट, जी बरेच खेळाडू लक्षात घेत नाहीत. खेळातली पाचही पिस्तुलं एकच गोळी खातात. 'हँडगन अ‍ॅमो' नावाचा एकच डबा सगळ्यांना चालतो.

ऑर्डनन्सच्या माणसाला यात मोठा आनंद आहे. एकाच मापाची गोळी दोन हत्यारांना चालली की कोठारातला अर्धा गोंधळ मिटतो. आमच्या ९ मिमी पिस्तुलाला आणि ९ मिमी कार्बाइनला एकच माप होतं, त्याचा फायदा मी पाहिलेला आहे. खेळात तर गंमतच आहे. त्यातलं 'पनिशर' हे पिस्तूल ज्या खऱ्या बेल्जियन पिस्तुलावर बेतलेलं आहे त्याचं माप ५.७ मिमी. ते आणि ९ मिमीचं पिस्तूल प्रत्यक्षात एकमेकांची गोळी कधीच वापरू शकणार नाहीत. खेळात वापरतात. असा बहुरूपी दारूगोळा मला नोकरीत मिळाला असता तर केसं इतक्या लवकर पांढरी झाली नसती.

पण याचीच दुसरी बाजू बघा. गोळी एकच असल्यामुळे दोन पिस्तुलं बाळगून तुमच्याकडे एकही गोळी वाढत नाही. शॉटगन घेतली तर वेगळ्या गोळ्यांचा वेगळा साठा वापरता येतो. दुसरं पिस्तूल घेतलं तर त्याच साठ्याला दोन तोंडं. पेटीतली जागा जाते ती वेगळीच. म्हणून दोन पिस्तुलांवर पैसे वाटून टाकले तर हाती दोन अर्धवट हत्यारं राहतात. मारकता मात्र एका वेळी एकाचीच वापरता येते.

युद्धशास्त्राच्या तत्त्वांत पहिलं तत्त्व असतं उद्दिष्ट निवडणं आणि त्यावर टिकून राहणं. इथे ते जसंच्या तसं लागू आहे. एक पिस्तूल निवडा आणि शेवटपर्यंत त्याच्याशी प्रामाणिक राहा.

पाच उमेदवार

आता एकेकाची ओळख करून घेऊ. पोस्टिंगआधी आम्ही माणसाची सर्व्हिस बुक पाहायचो, तसंच.

पहिलं, एसजी-०९ आर. खेळ सुरू होतो तेव्हा हे लिऑनच्या हातात असतंच. मारकता साधारण, वेग चांगला, हाताळायला सोपं. याला लेझर लावता येतो, त्यामुळे नेम कुठे लागणार ते लाल ठिपक्यावरून लगेच दिसतं. याची खास सुधारणा 'क्रिटिकल'ची आहे. डोक्यावर लागलेली गोळी कधीकधी एकाच फटक्यात शत्रूला संपवते. ती शक्यता खास सुधारणेने पाचपट होते. साध्या गावकऱ्यांवर हे फार उपयोगी. मोठ्या राक्षसांवर त्याचा भरवसा धरू नका.

दुसरं, पनिशर. २०२३ च्या आवृत्तीत हे पैशाने मिळत नाही. व्यापाऱ्याची छोटी कामं केली की 'स्पिनेल' नावाचे लाल खडे मिळतात, त्यांच्या बदल्यात ते मिळतं. २००५ च्या खेळात टांगलेली निळी पदकं फोडली की ते फुकट मिळायचं. याचा गुण म्हणजे गोळी आरपार जाते. एकामागे एक उभे असलेले शत्रू एकाच गोळीत जखमी होतात, आणि ढालीमागे लपलेल्यालाही लागतं. अवगुण म्हणजे एकट्या शत्रूवर मारकता कमी.

तिसरं, रेड-९. जुन्या जर्मन पिस्तुलासारखं दिसणारं. मारकता भरपूर, पण झटका मोठा, झाडण्याचा वेग कमी आणि सुरुवातीला मॅगझिनमध्ये फक्त ८ गोळ्या. याला खांद्याला टेकवायचा दस्ता वेगळा मिळतो. तो लावला की झटका बराच ताब्यात येतो. नव्या आवृत्तीत हे पिस्तूल तळ्याच्या मध्यावर फुटलेल्या जहाजाच्या अवशेषांत फुकट मिळतं. बोटीतून जाऊन घ्यायचं एवढंच.

चौथं, ब्लॅकटेल. किल्ल्याच्या टप्प्यात व्यापाऱ्याकडे येतं. मारकता, वेग, अचूकता, भरण्याचा वेळ, सगळ्यांत वरच्या वर्गात, कशातही नापास नाही. फक्त किंमत मोजावी लागते.

पाचवं, मटिल्डा. दस्ता लावला की घोडा एकदा दाबल्यावर तीन गोळ्या सुटतात. खास सुधारणेने मॅगझिनची क्षमता दुप्पट होते. बघायला झकास, पण गोळ्या पाण्यासारख्या जातात. पहिल्यांदा खेळणाऱ्याने याच्या नादी लागू नये.

रेड-९ चा खरा पूर्वज

इथे थोडं आडवळण घेतो, कारण प्रेक्षकांतल्या इतिहासप्रेमींना आवडेल.

रेड-९ बेतलेलं आहे जर्मनीच्या माउझर सी-९६ वर. नावातला ९६ म्हणजे १८९६. त्याचं मॅगझिन घोड्याच्या पुढे असतं आणि गोळ्या वरून, पट्टीने, एकदम दहा भरतात. त्याचं लाकडी म्यानच दस्ता म्हणून मागे जोडता येत असे. १८९८ मध्ये सुदानमधल्या ओमदुरमानच्या लढाईत तरुण विन्स्टन चर्चिल यांच्याकडे हेच पिस्तूल होतं.

मूळ माउझरचं माप होतं ७.६३ मिमी. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, जर्मन लष्कराला पिस्तुलं कमी पडू लागली. त्यांनी माउझरला दीड लाख पिस्तुलांची मागणी दिली, पण आपल्या नेहमीच्या ९ मिमी गोळीसाठी. आता बाहेरून सारखी दिसणारी दोन मापाची पिस्तुलं एकाच सैन्यात आली. अंधारात, घाईत, सैनिक चुकीची गोळी भरणार हे उघड होतं. म्हणून ९ मिमीच्या पिस्तुलांच्या मुठीवर मोठा ९ चा आकडा कोरून त्यात लाल रंग भरला. हाच तो 'लाल नऊ'.

मला ही गोष्ट फार आवडते. दारूगोळ्याची सरमिसळ हा पुरवठ्यातला जीवघेणा धोका आहे, आणि त्यावरचा उपाय इतका साधा की निरक्षर सैनिकालाही बोटाने चाचपून कळावा. खेळ बनवणाऱ्यांनी नाव तसंच ठेवलं.

मारकता की मॅगझिन?

आता मुख्य हिशेब. व्यापारी चार गोष्टी सुधारून देतो. मारकता, मॅगझिनची क्षमता, भरण्याचा वेग आणि झाडण्याचा वेग. प्रत्येकाचे पैसे वेगळे. आधी काय घ्यायचं?

माझं उत्तर, मारकता. कारण टंचाई गोळ्यांची आहे, आणि मारकता वाढली की प्रत्येक गोळीची किंमत वाढते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आकडे खेळातले नाहीत, समजण्यासाठी घेतले आहेत.

समजा एका शत्रूची तग १० आहे. तुमच्या गोळीची मारकता १.५. म्हणजे ७ गोळ्या लागतील, कारण सहा गोळ्यांत ९ च होतात. आता मारकता १.६ केली. सहा गोळ्यांत ९.६. अजूनही ७ च गोळ्या! पैसे गेले, फरक शून्य. १.७ केली की सहा गोळ्यांत १०.२, म्हणजे ६ गोळ्यांत काम. २ केली तर ५ गोळ्या. २.५ केली तर ४.

यातून दोन धडे निघतात. पहिला, तुमच्याजवळ ४० गोळ्या असतील तर ७ च्या हिशेबाने ५ शत्रू पडतात, ५ च्या हिशेबाने ८, आणि ४ च्या हिशेबाने १०. कोठारात एकही गोळी न वाढता तुमची ताकद दुप्पट झाली. दुसरा, सुधारणेचा उपयोग पायऱ्यांनी होतो. एखादी पायरी चढल्यावर फरक जाणवला नाही तर निराश होऊ नका. कदाचित पुढच्या पायरीवर एक गोळी वाचेल. अर्धवट पायरीवर थांबून दुसऱ्या पिस्तुलाकडे वळणं मात्र सर्वांत तोट्याचं.

झाडण्याचा वेग आणि भरण्याचा वेग यांनी गोळी वाचत नाही, जीव वाचतो. चारी बाजूंनी घेरलेलं असताना मॅगझिन बदलायला लागणारा वेळ फार मोठा वाटतो. म्हणून मारकतेच्या दोन-तीन पायऱ्या झाल्यावर भरण्याच्या वेगाकडे थोडं लक्ष द्या. रेड-९ घेतलं असेल तर जरा लवकरच द्या, कारण ८ गोळ्या चटकन संपतात.

आणि क्षमता? ती सर्वांत शेवटी, पण तिच्यात एक खुबी आहे. क्षमता वाढवली की व्यापारी पिस्तूल पूर्ण भरून देतो. फुकट! म्हणून ही सुधारणा नेहमी मॅगझिन रिकामं असताना घ्यायची. लढाई संपली, पिस्तुलात एक-दोन गोळ्या उरल्या, पेटीतही काही नाही, समोर व्यापारी दिसतो आहे. तेव्हा पैसे देऊन क्षमता वाढवा आणि भरलेलं पिस्तूल घेऊन पुढे चला. क्षमतेची प्रत्येक पायरी म्हणजे राखून ठेवलेली रसद. भरलेल्या पिस्तुलावर ती घेणं म्हणजे भरल्या टाकीत पेट्रोल ओतणं.

गोळी मारण्यासाठी की उघडण्यासाठी?

या खेळात पिस्तुलाचं दुसरंही काम आहे. शत्रूच्या तोंडावर गोळी लागली की तो भेलकांडतो. तेवढ्यात जवळ गेलात की लिऑन लाथ मारतो, आणि त्या लाथेत शेजारचे दोघे-तिघेही पडतात. पायावर गोळी मारली की शत्रू गुडघ्यावर येतो आणि तिथेही जवळून वार करता येतो. म्हणजे एक गोळी, एक लाथ, तीन माणसं आडवी. हा सौदा कोणत्याही अपग्रेडपेक्षा स्वस्त आहे.

कथा पुढे सरकली की एक अडचण येते. डोकं फुटलेल्या काही शत्रूंच्या धडातून परजीवी बाहेर येतो आणि तो जास्त घातक असतो. मग सतत डोक्यावरच मारत बसणं परवडत नाही. पायावर मारा, खाली पाडा, सुरीने संपवा. सुरीची धार नव्या आवृत्तीत झिजते आणि दुरुस्तीला पैसे लागतात, हे मात्र लक्षात ठेवा. तोही खर्च तुमच्याच बटव्यातून.

म्हणून पिस्तूल निवडताना स्वतःला विचारा, मी कसा खेळतो? मी शांत उभा राहून नेम धरतो, की पळतापळता झाडतो? शांत नेम धरणाऱ्याला रेड-९ शोभतं. लेझर नसलेल्या पिस्तुलांची नेमाची खूण स्थिर उभं राहिलं की आवळत जाते आणि गोळी जोरकस बसते. पळत्या माणसाला ब्लॅकटेल किंवा लेझर लावलेलं एसजी-०९ बरं. गर्दीच्या अंगावर जायची सवय असेल तर पनिशर.

माझा सल्ला, टप्प्याटप्प्याने

गावाच्या टप्प्यात सुरुवातीच्या पिस्तुलावर फार खर्च करू नका. मारकतेची एखाद-दुसरी पायरी पुरे. शॉटगन गावातल्या घरात फुकट मिळते, ती उचला. उरलेले पैसे पेटी मोठी करायला आणि रायफलला ठेवा. सापडलेले दागिने तसेच विकू नका. ज्यांना खोबणी आहेत त्यांत रत्नं बसवून विकले की भाव चांगला येतो.

तळ्यापर्यंत आलात की पहिला निर्णय. रेड-९ जहाजातून घेतलंत तर पुढे त्याचंच करा. स्पिनेल जमवून दस्ता घ्या आणि दस्ता आल्यावरच मोठा खर्च सुरू करा. दस्त्याशिवाय रेड-९ म्हणजे घोडेस्वाराविना घोडा. ताकद आहे, दिशा नाही.

रेड-९ चा संथपणा सोसवत नसेल तर हात आखडता घ्या आणि किल्ल्यापर्यंत सुरुवातीच्या पिस्तुलावर चालवा. तिथे ब्लॅकटेल घ्या. जुनं पिस्तूल व्यापाऱ्याला विका. त्याच्यावर केलेल्या खर्चाचा काही भाग परत मिळतो, सगळा नाही. म्हणूनच म्हणतो, जे पुढे विकायचं आहे त्यावर सढळ हाताने खर्च करू नका.

दोन्ही नको, पहिलंच पिस्तूल आवडतं असं असेल तर खुशाल शेवटपर्यंत तेच ठेवा. पूर्ण वाढवलेलं एसजी-०९ अर्धवट वाढवलेल्या ब्लॅकटेलपेक्षा चांगलं.

खास सुधारणेबद्दल. एरवी ती मिळण्यासाठी पिस्तुलाच्या बाकी सगळ्या सुधारणा पूर्ण कराव्या लागतात. ३० स्पिनेल दिले की एक तिकीट मिळतं, आणि त्यावर ती खास सुधारणा थेट मिळते. रेड-९ आणि ब्लॅकटेल या दोघांची खास सुधारणा मारकता दीडपट करते. म्हणजे अर्ध्या वाटेवर तिकीट वापरलं तर उरलेल्या पायऱ्यांचा खर्च पुढे ढकलता येतो. पण स्पिनेल मोजके असतात. पनिशर, लेझर, दस्ता, तिकीट, सगळं त्याच खड्यांतून. एकाला हो म्हटलं की दुसऱ्याला नाही म्हणावं लागतं.

शेवटच्या बेटावर काय होतं

हैदराबादहून एका ताईंनी लिहिलं होतं. त्यांचा मुलगा नोकरीसाठी दूर असतो. शनिवारी रात्री फोनवरून तो खेळतो आणि या बघतात. दोघांच्या गप्पांचा तेवढाच धागा. मुलाने चार पिस्तुलं घेतली, चारही थोडी-थोडी वाढवली आणि बेटावर अडकला. पंधरा-सोळा तासांचा खेळ सोडून द्यायच्या बेतात होता. ताईंनी विचारलं, 'आता काही करता येईल का, की पहिल्यापासून सुरू करायचं?'

ताई, पहिल्यापासून नको. तीन पिस्तुलं विका. मिळालेला पैसा चौथ्याच्या मारकतेवर घाला, आणि क्षमतेची पायरी शिल्लक असेल तर ती मॅगझिन रिकामं होईपर्यंत राखून ठेवा. पेटीत मोकळी झालेली जागा औषधी वनस्पती आणि बारुदाला द्या. बारूद आणि सुटं सामान जोडून गोळ्या घरीच बनवता येतात, तेही विसरू नका. चिलखत घेतलं नसेल तर घ्या. बेट पार होईल.

त्यांच्या पत्रातलं एक वाक्य मी मुद्दाम सगळ्यांसमोर ठेवतो. त्यांनी लिहिलं होतं की मुलगा हरला की चिडून फोन ठेवतो, आणि मग पूर्ण आठवडा बोलणं होत नाही. एका पिस्तुलाच्या निवडीवर किती काय अवलंबून असतं बघा. मुलाला माझा निरोप सांगा. खेळात पराभव झाला की मागच्या जतन केलेल्या जागेवरून पुन्हा सुरू करता येतं. आईचा फोन ठेवण्याआधी 'पुढच्या शनिवारी बघू' एवढं तरी म्हणत जा.

थोडक्यात उजळणी

लिहून घ्यायला सोपं जावं म्हणून पुन्हा सांगतो.

१. सगळ्या पिस्तुलांची गोळी एकच. म्हणून वाढवायचं पिस्तूलही एकच.

२. आधी मारकता, मग भरण्याचा वेग, मग झाडण्याचा वेग. क्षमता फक्त रिकाम्या मॅगझिनवर.

३. गावात हात आखडता. तळ्याजवळ किंवा किल्ल्यात निर्णय. त्यानंतर फेरविचार नाही.

४. रेड-९ घ्याल तर दस्त्यासकट. ब्लॅकटेल घ्याल तर जुनं विकून. मटिल्डा दुसऱ्या खेपेला.

५. स्पिनेल कशासाठी जमवायचे ते आधी ठरवा, मग खर्च करा.

६. गोळीनंतर लाथ. ती फुकट आहे.

पुढच्या भागात 'रेसिडेंट ईव्हिल २' च्या २०१९ च्या आवृत्तीकडे जाऊ. तिथे व्यापारीच नाही. पिस्तुलाचे भाग पोलीस ठाण्यात शोधून काढावे लागतात, आणि मटिल्डाला दस्ता लावला की ती सामानात दोन कप्पे अडवते. म्हणजे तिथे पैशाऐवजी जागेचा हिशेब. तोवर तुम्ही कोणतं पिस्तूल निवडलं आणि का, ते मला कळवा. 'का' जरूर लिहा. नुसतं नाव लिहिणाऱ्याला आमच्याकडे अर्धेच गुण मिळायचे.

काळजी घ्या. जय हिंद.